पुस्तकात नसलेला दिलीप

दिलीप शेडगे आणि मी रबाळ्याच्या एका कापड रंगवायच्या कारखान्यात बॉयलरवर होतो. आता दोघंही घरी बसलोय. तो कोपरखैरण्यात आमच्या पलीकडच्या ओळीत राहतो.

माणूस कामाला चोख. भट्टीसमोर बरेच जण नुसते उभे राहून काम केल्यासारखं दाखवतात. दिलीप दाखवत नसे. कोळशाचा ढीग ओतून तो बाजूला बसला नाही कधी. पातळ थर द्यायचा, थांबायचा, पुन्हा द्यायचा. त्यात हात जास्त दुखतात, पण आग सारखी राहते. त्याच्या मागून पाळीवर आलं की भट्टी नीट मिळायची. एखाद्या माणसाबद्दल मला याहून जास्त चांगलं बोलता येत नाही.

त्याची बायको सगुणा तुर्भ्याला मसाला मार्केटात मिरची निवडायला जायची. मोठ्यानं बोलायची, मोठ्यानं हसायची. घरी आली की अंघोळ होईपर्यंत पोरीला जवळ येऊ द्यायची नाही, पोरीच्या नाकात मिरची जाते म्हणून. पोरगी म्हणजे सई. एकुलती एक. शिकली, महापेला एका कंपनीत नोकरीला लागली.

दोन वर्षांपूर्वी सगुणाच्या मेंदूत रक्तस्राव झाला. बरेच दिवस ती मशीनवर होती. मग मशीन काढलं.

दिलीप रडला नाही. दहावं, तेरावं सगळं नीट केलं. त्यानंतरही सगळं नीटच करत राहिला. पाणी भरायचा, भाजी आणायचा, सईचा डबा करून द्यायचा. पण आतून विझल्यासारखा. एकदा माझ्या बायकोनं, गोजरानं, वांग्याची भाजी पाठवली. मागून तिच्या लक्षात आलं की मीठच घातलं नव्हतं. ती धावत गेली.

"भावजी, भाजीत मीठ नव्हतं ओ!"

दिलीप भांडं घासून पुसून ठेवत होता. म्हणाला, "होय का? बघितलं नाही वहिनी."

असा तो झाला होता. त्यात सईनं पुस्तक लिहिलं.

नोकरीवरून आल्यावर ती लिहीत बसते हे गल्लीला माहीत होतं. काय लिहिते ते माहीत नव्हतं. लिहून झाल्यावर तिनं कागदांचा गठ्ठा छापून आणला आणि बापाच्या पुढ्यात ठेवला. पुण्याचा एक प्रकाशक तयार होता. पण सई म्हणाली, "पप्पा, यात आई आहे. तुम्ही वाचा. तुम्ही छाप म्हणालात तर छापते. नको म्हणालात तर कपाटात ठेवते, परत विषय काढणार नाही."

दिलीपनं गठ्ठा फ्रीजवर ठेवला. तो तिथंच राहिला. धूळ बसू नये म्हणून त्यावर फडकं घातलं, एवढंच. शेवटी सई माझ्याकडं आली.

"काका, प्रकाशकाचे फोन येतायत. पप्पा वाचत नाहीत. तुम्ही तरी वाचा. तुम्ही वाचलंत तर ते वाचतील."

"कसलं पुस्तक आहे?"

"स्टीमपंक. म्हणजे वीज आलीच नाही कधी, सगळी प्रगती वाफेवरच झाली, अशी एक दुनिया. शाळेतल्या मोठ्या पोरांसाठी आहे."

गोजरा मटार सोलत होती. म्हणाली, "आयुष्यभर दोघांनी वाफच खाल्ली. आता वाचा पण."

वाचलं. माझ्याकडं चष्मा आहे आणि वेळ आहे. अक्षर बारीक होतं. एकही पान न सोडता वाचलं, कारण तिनं एकही पान न सोडता लिहिलं होतं.

पुस्तकाचं नाव "तांब्याची आई". खाडीवर तांब्याच्या खांबांवर एक शहर उभं आहे. रिक्षा वाफेवर उडतात. तांब्याचे कावळे निरोप नेतात आणि मालकाच्या शत्रूंना चोचीनं टोचतात. क्षिप्रा नावाची चौदा वर्षांची मुलगी आहे. तिची आई आजारी पडते. शहराचे वैद्य आईच्या छातीवर तांब्याचा भाता बसवतात. वाफेनं भाता चालतो, भात्यानं आईचा श्वास. आई उठत नाही, बोलत नाही, पण छाती वर-खाली होते. क्षिप्रा भाता बनवणाऱ्या कारागिराला शोधायला निघते. कावळ्यांशी लढते, उडत्या रिक्षांतून पाठलाग होतो. कारागीर सापडतो. तो सांगतो, माझं यंत्र चालतंय पोरी, तुझी आई चालत नाही. क्षिप्रा परत येते आणि स्वतःच्या हातानं वाफेची कळ बंद करते.

मला पुस्तक आवडलं का, हे मला अजून नीट सांगता येत नाही. पाठलागाच्या भागात माझा चहा गार झाला. कावळे फार चांगले जमलेत. पण त्या मुलीच्या डोळ्यांत दर थोड्या पानांनी ठिणगी चमकते. एवढी कोणाच्या डोळ्यांत चमकत नाही. आणि एवढं मोठं शहर वाफेवर चालतं, पण कोळसा ओढणारा माणूस एकही नाही. घाम कोणाला येत नाही. राख कुठं जाते ते लिहिलेलं नाही. मी पेन्सिलीनं समासात तसं लिहिलं आणि सईला दाखवलं.

ती हसली. "काका, राखेवर चॅप्टर टाकला तर पोरं पुस्तक तिथंच बंद करतील."

"खरंय तिचं," गोजरा म्हणाली. "यांच्या राखेच्या गोष्टी मी लग्न झाल्यापासून ऐकतेय. मला विचार."

मी पेन्सिलीच्या खुणा खोडून टाकल्या. गोष्ट तिची, शहर तिचं. राख मी उपसली म्हणून सगळ्यांनी उपसावी असं नाही.

कळ बंद करायचा भाग मात्र मला एका बैठकीत वाचता आला नाही. तो वाचून मी गठ्ठा खाली ठेवला आणि गच्चीत जाऊन दोरीवरचे कपडे काढून आणले. वाळले नव्हते. तरी आणले.

कारण ते सगळं मला माहीत होतं. सगुणाच्या वेळी मी दवाखान्यात जाऊन-येऊन होतो. डॉक्टरांनी घरच्यांना बोलावून सांगितलं, आता यांच्यात काही उरलं नाही, मशीन चालू ठेवायचं की काढायचं ते तुम्ही ठरवा. बैठका झाल्या, कागद झाले. सही सईनं केली. मशीन काढलं तेव्हा आत सई एकटी होती. दिलीप घरी होता.

त्यावरून गल्लीत बोलणं झालं होतं. नवरा जिवंत असताना पोरीला पुढं केली, असं. मी त्यात बोललो नाही. दिलीपलाही विचारलं नाही. त्याच्याकडं बघून मला ते विचारणं बरोबर वाटलं नव्हतं.

मी वाचलं म्हटल्यावर दिलीपनं फडकं काढलं. रोज सकाळी खाडीकडच्या बागेत बाकावर बसून तो वाचायचा. ओळीवर बोट ठेवून. सगळं झाल्यावर एका सकाळी मी शेजारी जाऊन बसलो.

"झालं वाचून?"

"झालं."

"कसं वाटलं?"

"चांगलं असंल." त्यानं गठ्ठ्याच्या कडा मांडीवर आपटून सारख्या केल्या. "मला काय वाटलं नाही, शहाजीभाऊ."

"काहीच नाही?"

"कावळे चांगलेत."

"कावळे मलाही आवडले."

बागेत बायका हसण्याचा व्यायाम करत होत्या. हा हा हा, हो हो हो. त्यांचं झाल्यावर दिलीप म्हणाला, "यात बाप नाही."

"हां. नाही."

"मेलाय म्हनूनबी लिवलेलं नाही. गावाला गेलाय, दारू पितो, कायच नाही. बाप नाहीच."

"मग विचार की तिला."

"काय विचारायचं? बरोबर लिवलंय. मी तिथं नव्हतोच."

मग मी दोन वर्षं न विचारलेलं विचारलं. "का नव्हतास?"

त्यानं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी सोडून दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर चाललं असतं.

"तिनं घेतलं होतं की."

मला लगेच कळलं. दुसऱ्या कोणाला कळलं नसतं. म्हणून सांगतो.

बॉयलर असा सोडून जाता येत नाही. पाळी बदलताना जाणारा माणूस म्हणतो, दिला. येणारा लगेच काही बोलत नाही. तो आधी काचेतलं पाणी बघतो, कळ स्वतःच्या हातानं फिरवून बघतो, आगीत डोकावतो. सगळं पटलं की म्हणतो, घेतला. तो घेतला म्हणेपर्यंत जाणाऱ्यानं हलायचं नाही, अंगात ताप असला तरी. पण एकदा घेतला म्हटलं की जाणाऱ्यानं मागं वळून बघायचं नाही. दारातून परत येऊन, अरे पाणी बघितलंस ना, असं विचारणं म्हणजे समोरच्याच्या कामावर थुंकणं. आमच्यात यावरून मारामाऱ्या झाल्यात. एकानं घेतल्यावर दुसऱ्यानं त्यात हात घालायचा नाही. बरं झालं तर त्याचं, वाईट झालं तर त्याचं.

दवाखान्यात दिलीप कितीतरी दिवस बाकड्यावर बसून होता. शेवटच्या दिवशी सकाळी सई आली आणि म्हणाली, पप्पा, तुम्ही घरी जा. आता मी घेते सगळं.

"कागद तिनं वाचले," दिलीप म्हणाला. "डॉक्टरशी बोलली. आत जाऊन सगुणाला बघून आली. मग म्हनली, मी घेते. नीट बघून घेतलंन तिनं. मग मी परत कसा जायचा?"

हे खरं कारण होतं का नुसता आडोसा, मी सांगू शकत नाही. भीतीही असणार. नवऱ्याला ते बघवत नाही, बऱ्याच जणांना नाही बघवत. दोन्ही एकमेकांत मिसळलं असेल आणि दिलीपला वेगळं करता येत नसेल. पण तो खोटं बोलणारा माणूस नाही.

"हे पोरीला सांगितलंस?"

"तिला म्हाईत असंल ना."

तिला माहीत नव्हतं. मी रविवारी तिला घरी बोलावलं आणि सांगितलं. बॉयलर, पाळी, दिला, घेतला, सगळं. ती गोजराबरोबर लसूण सोलत होती. ऐकताना हात थांबले नाहीत.

"काका, मी बॉयलरवर होते का?"

"नाही."

"मग मला हा नियम कसा कळणार?" आवाज चढला नव्हता. बसची वेळ विचारावी तसं विचारत होती. "मी घेते म्हणाले म्हणजे तुम्ही जरा पडा, दोन घास खा आणि परत या. हॉस्पिटलात सगळे असंच बोलतात. सही झाल्यावर डॉक्टर म्हणाले, अजून कोणी यायचंय का, थांबतो आम्ही. मी म्हटलं येतील. लिफ्टकडे बघत होते. मग त्यांनी परत विचारलं. मग मी म्हटलं, नाही, कोणी नाही."

"फोन का नाही केलास?" गोजरानं विचारलं.

"मला वाटलं पळाले. पळालेल्या माणसाला काय फोन करायचा काकी."

गोजरानं तोंडाला पदर लावला. सई लसणीच्या साली गोळा करत राहिली.

"म्हणून पुस्तकात नाही घेतलं त्यांना," ती म्हणाली. "घेतलं असतं तर पळालेला बाप लिहायला लागला असता. पोरांनी त्याला शिव्या घातल्या असत्या. त्यापेक्षा नकोच म्हटलं."

मला तिचं चुकलं असं म्हणता आलं नाही. दिलीपचं चुकलं असं मी आधीच म्हणू शकलो नव्हतो.

त्यानंतर सईनं प्रकाशकाकडून आणखी वेळ मागून घेतला आणि एक नवा भाग लिहिला. तो तिनं घरी आणला, तेव्हा दिलीपनं मलाही बोलावून घेतलं. का ते माहीत नाही. एकट्याला वाचायचा नसेल.

नव्या भागात क्षिप्राचा बाप होता. दूरच्या शहरातून तो पायी आलेला असतो. क्षिप्रा कळेवर हात ठेवते तेव्हा तो तिच्या हातावर आपला हात ठेवतो. दोघं मिळून कळ बंद करतात. चांगलं लिहिलं होतं. माझ्या मते आख्ख्या पुस्तकात ते सगळ्यात चांगलं होतं. ठिणगी वगैरे काही नव्हती. बापाच्या हाताला जुन्या भाजल्याच्या खुणा होत्या, आणि त्या कशा दिसतात ते अगदी बरोबर होतं.

दिलीपनं बोट ठेवून वाचलं. मग त्या पानांची घडी घातली आणि सईकडं दिली.

"हे काढ."

"का? आवडलं नाही?"

"आवडायचा प्रश्न नाही. मी नव्हतो ना गं तिथं."

"पप्पा, ही गोष्ट आहे. शहर पण खोटं आहे, कावळे पण खोटे आहेत."

"कावळे राहू दे. ती कळ तू एकटीनं बंद केलीस. जड गेली असंल. त्यात माझा हात कशाला घालतीस?" एवढं लांब तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. "न केलेल्या पाळीची हजेरी नको लावूस माझी."

सईनं माझ्याकडं बघितलं. मी भिंतीकडं बघितलं. मला वाटत होतं तो भाग राहावा. पण दिलीपच्या जागी मी असतो तर मीही तेच म्हणालो असतो, त्यामुळं गप्प बसलो.

"मग छापू?" तिनं विचारलं.

"छाप."

"बाप नाही असंच?"

"हां. तसंच छाप."

"तुम्हाला काही वाटणार नाही?"

दिलीपनं खरंच विचार केला. मग म्हणाला, "सध्या तर नाही वाटत."

पुस्तक तसंच छापलं. मुखपृष्ठावर तांब्याचा कावळा आहे. वाशीला एका वाचनालयाच्या हॉलमध्ये समारंभ झाला. शाळेची मुलं आली होती, त्यांचे आईबाप आले होते. दिलीपनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. आम्ही मधल्या रांगेत बसलो. प्रकाशक बरंच बोलला. सई थोडं बोलली, ते बरं झालं.

मग मुलांना प्रश्न विचारायला सांगितलं. कावळ्यांबद्दल बरेच प्रश्न आले. रिक्षा पडली तर काय, असं एकानं विचारलं. सगळे हसले. मग वेणी घातलेली एक मुलगी उठली.

"ताई, क्षिप्राचे बाबा कुठे असतात?"

सईनं माईक या हातातून त्या हातात घेतला.

"घरी," ती म्हणाली. "त्यांना झोप लागली होती."

मुलं पुन्हा हसली. विनोदच वाटला त्यांना. सईही थोडी हसली आणि पाण्याचा ग्लास उचलला.

"झोप नव्हती लागली," दिलीप म्हणाला.

मोठ्यानं नाही. पण हॉल लहान होता. पुढच्या रांगेतल्या दोन बाया वळून बघायला लागल्या. सईनं ग्लास तसाच धरला. सूत्रसंचालन करणारी मुलगी गोंधळली आणि म्हणाली, "हो, पुढचा प्रश्न कोणाचा?" पुढचा प्रश्न परत कावळ्यांबद्दल होता. सईनं त्याचं उत्तर दिलं, पूर्ण आणि बरोबर दिलं. सह्या दिल्या, फोटो काढून घेतले. कुठंही घाई केली नाही.

परत येताना आम्ही तिघं रिक्षात मागं बसलो. सई मध्ये. वाशीतून बाहेर पडलो.

मग समोर बघतच तिनं विचारलं, "मग काय करत होतात?"

"बसलो होतो."

"कुठं?"

"दारात. चपला घालून."

"चपला घालून?"

"हां. दार उघडं ठेवून. समोरच्या वहिनी म्हणाल्या, आत बसा ओ, ऊन येतंय. म्हटलं असू दे."

"किती वेळ?"

"सगळं झाल्याचा तुझा फोन येईस्तोवर."

रिक्षावाला गाणं लावत होता, मी त्याला बंद करायला सांगितलं.

"तुम्ही का नाही केला फोन?"

"तू कामात होतीस."

ती दिलीपकडं वळली. मी माझ्या बाजूनं रस्त्याकडं बघत होतो, पण रिक्षात कुठं कान फिरवता येतो.

"ते लिहू का मी? चपलांचं? या पुस्तकात नाही. दुसरं काहीतरी लिहीन तेव्हा."

पुढचा सिग्नल आला, सुटला.

"लिही," तो म्हणाला. "तेवढं केलंय मी."